यंत्राचा कौल

यंत्रांचा मला राग नाही. यंत्राला देव मानणाऱ्यांचा येतो, आणि त्या दिवशी मुलुंडच्या कोर्टात असे दोघे होते. एक सरकारी वकील आणि दुसरा माझाच अशील.

अशील म्हणजे लवू परब. गिरणी संपात नोकरी गेली तसा भांडुपच्या एका कारखान्यात गोदामावर लागला. गोदामातून तांब्याची तार चोरीला गेली. चाव्या दोघांकडे, लवूकडे आणि मॅनेजरकडे. मॅनेजरला कोण विचारतंय! मालकाने एका खाजगी डिटेक्टिव्हला खोटं पकडायचं यंत्र घेऊन बोलावलं. छातीला पट्टा, बोटांना वायरी, समोर सरकणारा कागद. 'तांबं तू नेलंस का?' असं विचारल्यावर लवू 'नाही' म्हणाला आणि सुई उडाली. पोलिसांनी त्या कागदावरच केस उभी केली. दुसरा धड पुरावा नव्हता. कागद टिकला तर लवू तुरुंगात, नाही टिकला तर घरी.

पुकारा व्हायच्या आधी व्हरांड्यात मी त्याला विचारलं, "लवूकाका, त्या दिवशी तब्येत बरी होती ना?"

"उपाशी होतंय."

"का?"

"कौल घेवक भरल्या पोटान बसत नाय, वकीलसायब. आंघोळ केलंय, देवाक गाऱ्हाणा घातलंय, मगे बसलंय."

कोकणात पेच पडला की देवाला कौल लावतात. मूर्तीला कळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पडलेल्या कौलापुढे कोणी तोंड उघडत नाही. मी चेंबूरचा, बौद्ध घरातला. आमच्याकडे देव्हाराच नाही. या बाबाने डिटेक्टिव्हच्या यंत्राला कौल लावला होता! मला चीड आली, पण मुद्दाही मिळाला. उपाशी, घाबरलेला माणूस थरथरणारच.

आत सरकारी वकील म्हणाले, "विज्ञान खोटं बोलत नाही." माझं डोकं सणकलं.

"साहेब, हे यंत्र खोटं पकडत नाही, भीती पकडतं," मी म्हणालो. "नोकरी जाईल म्हणून घाबरलेल्या माणसाची छाती धडधडली, एवढंच हा कागद सांगतो. खऱ्या चोराची छाती धडधडली नाही तर त्याला सोडणार का? यंत्राची उलटतपासणी मी कशी घेऊ?"

मॅजिस्ट्रेट कागद उलटसुलट करत राहिले. पंखा तेवढा करकरत होता.

"हा रिपोर्ट पुरावा म्हणून घेता येणार नाही," ते म्हणाले.

मागच्या बाकावर रत्नप्रभाकाकूंनी, लवूच्या बायकोने, पदर तोंडाला लावला. मला नाचावंसं वाटलं.

राहिला होता फक्त आरोपीचा जबाब. 'मी चोरी केली नाही,' एवढंच बोलायचं, हे मी त्याच्याकडून दहादा घोकून घेतलं होतं.

"तुम्हाला काही सांगायचंय?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

लवू त्या कागदाकडे बघत होता.

"बोला ना काका," मी हळूच म्हणालो.

"माका आठवणा नाय, सायब," तो म्हणाला. "पण झाला असात माज्या हातसून. कौल पडलो. देव खोटा सांगाचो नाय."

"साहेब, हा कबुलीजबाब नाही!" मी ओरडलोच. "ही त्याची श्रद्धा आहे!"

"वकीलसाहेब, खाली बसा." मॅजिस्ट्रेट लवूकडे वळले. आवाज मऊ होता. "तो रिपोर्ट मी बाजूला ठेवलाय. नीट विचार करा. तांबं तुम्ही नेलंत?"

लवूने हात जोडले. कोर्टाला की त्या कागदाला, कळलं नाही.

"होय म्हणा, सायब."

टायपिस्टची बोटं चालू झाली. मला त्या माणसाचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. शिपायाने त्याच्या दंडाला धरलं, आणि तो निमूट निघाला.

रत्नप्रभाकाकू लगबगीने माझ्याकडे आल्या. चेहरा खुलला होता. लवूचं शेवटचं बोलणं त्यांना मागे ऐकूच गेलं नव्हतं.

"सायबांनी कागद टाकल्यानी ना?" त्या म्हणाल्या. "मगे आता ह्यांका घराक नेव ना?"