फुंकरबाबांचं पांढरं पाणी

गुरुवारी सापगावच्या मांडवात पाय ठेवायला जागा नसे. फुंकरबाबा पेल्यातल्या नितळ पाण्यात नळी सोडत, दमेकरी फुंके आणि पाणी बघता बघता पांढरं होई. "उतरला! दमा पाण्यात उतरला!" बाबा गरजत. लोक टाळ्या पिटत.

भागीरथीचा हा नववा गुरुवार. नऊ पेले पांढरे झाले, तरी छातीतली शिट्टी हटायला तयार नव्हती. डॉक्टरकडं जावं, तर बाबांनी दम भरलेला, "अकरा गुरुवारांआधी दवाखान्याची पायरी चढलीस, तर श्वास जागच्या जागी अडकंल!" घरात खोकायचीही चोरी. खोकली की नवरा कमळाकर म्हणे, "तुजी श्रद्धाच कमी पडते गो." जीव नुसता कोंडला होता.

फुंकता फुंकता आज तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या तिच्या सुनेनं, मितालीनं, सासूला सावरलं आणि ताजा पेला बाबांपुढं धरला.

"बाबा, आता तुमी फुंका."

"मला काय धाड भरलीय?"

"म्हणूनच. तुमचं पाणी नितळच राहील ना!"

बाबांनी पेला दूर सारला. मग मितालीनंच फुंकलं. पांढरं! पोतं पाठीवर घेऊन टेकडी चढणाऱ्या गोमानं फुंकलं. तेही पांढरं!

"आरं, मला कदी झाला दमा?" गोमा ओरडला. मांडवात हशा पिकला.

"ही चुन्याची निवळी आहे," मिताली म्हणाली. "कुणाच्याही श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनं ती दुधाळ होते. धडधाकट माणसाच्या हाती यांनी नळी कदी दिलीच नाय."

गर्दीत बसलेल्या कमळाकरनं मान खाली घातली. भागीरथीला शापाची भीती वाटत होतीच, पण गुदमरण्याची जास्त. सुनेचा हात धरून ती उठली.

शहापूरच्या डॉक्टरांनी छाती तपासली. शिट्टी एकाच बाजूला वाजत होती. दम्यात ती बहुधा दोन्हीकडं वाजते, म्हणून त्यांनी एक्स-रे काढला. उजव्या श्वासनळीत धातूचा तुकडा! भागीरथीला आठवलं: शिट्टी सुरू होण्याआधी म्हसा गावच्या जत्रेत नाकात नवी फुली घालताना तिची मागची फिरकी ओठांत धरली होती, सगळ्या बायका धरतात तशी. ठसका लागला. फिरकी धुळीत पडली समजून तिनं दुसरी घेतली. ठाण्याच्या इस्पितळात घशातून दुर्बीण घालून फिरकी काढली आणि शिट्टी थांबली.

अकराव्या गुरुवारी ती मांडवात गेली. चार बाया अजून रांगेत होत्याच.

"बायांनो, नऊदा टाळ्या पिटल्यात. पन 'भागीरथी, तुला बरं वाटतं का?' ह्ये एकीनं तरी इचारलं? पेल्याकडं नका बघू, माणसाकडं बघा. अन् श्वास कोंडला तर आधी डॉक्टर गाठा. मी जगले, ती डॉक्टर गाठला म्हणून!"