आठव्या ओळीत चुकलेला

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. हात ना पाय, नुसत्या दोनशे ओळी. बारा वर्षांपूर्वी नवापूरच्या एका छोट्या प्रयोगशाळेत हिंमतराव सरांनी मला पर्ल भाषेत लिहिलं. काम एकच. रक्तातल्या डीएनएच्या अक्षरांची फाइल उघडायची, मोजत मोजत ठरलेल्या जागी जायचं आणि तिथलं अक्षर सांगायचं. 'ए' असलं तर ठीक, 'टी' असलं तर सिकलसेल, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा, आईबापांकडून येणारा आजार. सर सगळ्यांना सांगायचे, "हा गडी कधी चुकत नाही." मीही फुगायचो, खोटं कशाला बोलू!

सर निवृत्त झाले. मग नवा कॉम्प्युटर आला. मला कुणी तपासलंही नाही, तसंच उचलून त्यात टाकलं. त्याच आठवड्यात खांडबाऱ्याकडच्या रूपलीबाईंच्या रिनाचं रक्त आलं. नऊ वर्षांची पोर, हातपाय दुखतात म्हणून रडायची. मी छातीठोकपणे सांगितलं, 'ए'. मुलगी निरोगी, असा रिपोर्ट गेला.

दोन महिन्यांनी रूपलीबाई तिला पाठीवर घेऊन आल्या.

"ताई, कागद बोलतो पोरगी बरी. मग हिला उभं का राहवत नाही?"

सरांच्या जागी आलेल्या मोहिनीताईंनी फाइल छापून काढली आणि पेन्सिलीने एकेक अक्षर मोजलं. तिथे 'टी' होता. पडद्याकडे बघत त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "काय रे, खोटं बोली ऱ्हायना का तू?"

अहो, मी खोटं बोलतोय हे मला काय ठाऊक! नव्या कॉम्प्युटरच्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारी खूण यायची. मी तिलाही अक्षर समजून मोजत होतो. ठरलेली जागा होती आठव्या ओळीत; तिथपर्यंत सात अक्षरं मागे पडलो, आणि त्या चुकीच्या जागी प्रत्येकाचा 'ए'च असतो. दुरुस्ती केवढी, तर एका ओळीची.

मोहिनीताई रूपलीबाईंना म्हणाल्या, "चूक आमची झाली, मावशी. रिनाला सिकलसेल आहे. डॉक्टर आजच औषध सुरू करतील."

रूपलीबाईंनी रिनाच्या पायांवरून हात फिरवला. "शाळेत जायला रडायची. सोंग करते म्हणून मारली मी हिला, ताई. कागद होता ना माझ्याकडे."

रिना आईकडे बघतही नव्हती. मला फार लाज वाटली.

त्या दोन महिन्यांचे सगळे रिपोर्ट मोहिनीताई आता पुन्हा तपासत आहेत. मित्रांनो, माझी काळजी घ्यायची असेल तर माझ्यावर संशय घ्या. जागा बदलली, फाइल बदलली, की मला पुन्हा तपासा. आणि पोर दुखतंय म्हणाली, तर आधी तिचं ऐका, मग माझं.