केरबांची साक्ष

कवठे महांकाळ तालुक्यातील एका लहानशा ख्रिस्ती मंडळीत केरबा गवंडी यांच्याइतका श्रद्धाशील गृहस्थ दुसरा नव्हता. उपासनेला ते सर्वांआधी येत, सतरंज्या अंथरत आणि प्रत्येक गीताला खड्या आवाजात साथ देत. मात्र ‘साक्ष’ हा शब्द उच्चारला जाताच त्यांच्यावर काही ना काही संकट ओढवे. प्रभूने आपल्या आयुष्यात काय केले, हे मंडळीसमोर उभे राहून पाच मिनिटे सांगायचे, एवढीच ती प्रथा. परंतु बावीस वर्षांत केरबांना कधी खोकल्याची उबळ आली, कधी दारातली म्हैस सुटली, आणि एकदा तर भर उपासनेत ख्रिस्तमंदिराच्या कौलांची पाहणी करणे अत्यावश्यक होऊन बसले.

गतवर्षी मंडळीचे पाच जणांचे सेवापथक केनियातील एका खेड्यात, शाळेसाठी पाण्याची टाकी बांधून देण्यास निघाले. गवंडीकामासाठी केरबांची निवड झाली. तेथे प्रत्येकाने साक्ष दिलीच पाहिजे, असा नियम मंडळीचे धर्मगुरू, पाळक शांतवनराव यांनी घालून दिला.

निघण्याच्या दिवशी पत्नी लीलाबाईंनी पिशवी भरता भरता बजावले, “तिथं तुमची म्हैस न्हाई. साक्ष दिल्याबिगर उंबऱ्याच्या आत घेणार न्हाई, सांगून ठेवते.”

“आगं, पण मला त्यांची भाषा कुठं येती?”

“आपली तरी कुठं येती तुमास्नी?”

केरबांनी पिशवीत थापी-ओळंब्याखाली एक जरीकाठी फेटा गुपचूप ठेवून दिला. पंचक्रोशीत लग्न कोणत्याही धर्माच्या घरचे असो, फेटे बांधावेत ते केरबांनीच.

केनियात काम पायाशीच अडले. टाकीसाठी आखलेली जागा एका गोपालकाच्या गाईंची जुनी वाट होती. मालकाने भांडण केले नाही. तो कधी दिसलादेखील नाही. मात्र रोज सकाळी त्याच्या चाळीस गाई येत आणि केरबांनी मारलेल्या चुन्याच्या रेघांवर निवांत रवंथ करीत बसत.

अशातच रविवार उजाडला. केरबांचे नाव पुकारले गेले. ते उठले. समोर पहिल्या रांगेत, काठीवर दोन्ही हात टेकवून, एक भारदस्त वृद्ध बसले होते. आपल्याकडे पहिल्या रांगेतील खुर्ची सत्कारमूर्तींचीच असते, हे केरबांच्या मनात इतके दृढ होते की त्यांनी कोणास विचारलेदेखील नाही. पिशवीतून फेटा काढून त्यांनी एक टोक पथकातील परिचारिका पल्लवी हिच्या हाती दिले.

“धर गं पोरी, ताणून.”

“काका, आवं, साक्ष!” ती कुजबुजली.

“चाललीया की.”

नऊ मीटर वस्त्राचा एकेक पीळ त्यांनी त्या वृद्धांच्या मस्तकावर प्रार्थना म्हणावी तशा सावकाशीने घातला. शेमला पाठीवर सोडला, तुरा काढला, आणि घड्याळात पाहिले. पाच मिनिटे पुरी झाली होती. सभा टाळ्यांच्या कडकडाटात उभी राहिली. यजमान पाळकांचा चेहरा मात्र पडला. ते पल्लवीच्या कानात काही बोलले आणि ती केरबांकडे वळली.

“काका, हे गाईंचे मालक. टाकी बंद पाडा, असं सांगायला आलेत!”

वृद्धांनी हाताने फेटा चाचपला. आरसा मागितला, तो नव्हता, म्हणून स्वयंपाकघरातून चकचकीत झाकण आणले गेले. त्यात बराच वेळ स्वतःस न्याहाळून ते उठले आणि पाऊण तास बोलले. सार इतकेच निघाले: गाई दुसऱ्या वाटेने जातील, मात्र टाकीच्या पायथ्याशी त्यांना पाणी प्यायला एक डोण हवी.

“एक कशाला?” केरबा ताडकन म्हणाले. “दोन बांधतो!”

टाकी उभी राहिली, पथक परतले. लीलाबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या.

“दिली साक्ष?”

“पाच मिनिटं. घड्याळ लावून.”

दुर्दैवाने पिशवी पोचवायला आलेल्या पल्लवीला हसू आवरले नाही आणि फेट्याची हकीकत बाहेर पडली. केरबांचा चहा त्या दिवसापासून दाराबाहेरच्या ओट्यावर येऊ लागला. अंथरूणही तेथेच पडले.

पुढच्या रविवारी मंडळीने त्यांचा सत्कार केला. शाल आली, श्रीफळ आले, मस्तकी फेटा चढला, आणि शांतवनराव गंभीरपणे म्हणाले, “आता केरबा दोन शब्द बोलतील.”

केरबा उठले. खोकून पाहिले, खोकला आला नाही. कौलांकडे पाहिले, ती शाबूत होती. मग त्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवला आणि त्याचे टोक धरून ते हळूच स्त्रियांच्या रांगेकडे, लीलाबाईंच्या दिशेने निघाले.

“माझ्या डोक्याला हात लावाल तर बघा!” लीलाबाई कडाडल्या. “तोंडानं बोला.”

केरबा मध्येच थांबले. फेटा सुटून पायाशी लोळत होता.

“बावीस वर्सं मी पळतोय,” ते कसेबसे म्हणाले. “आन् बावीस वर्सं ही हितं बसून वाट बघती. दर रविवारी. देवानं माझ्यासाठी काय केलं म्हणाल, तर... ह्येच. लय झालं ह्येच.”

आणि ते मटकन खाली बसले. लीलाबाईंनी पदराने डोळे टिपले, नाक पुसले आणि त्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “पाच मिनिटं न्हाई झाली.”

परंतु त्या दिवशीचा चहा केरबांनी उंबऱ्याच्या आत, चुलीजवळ बसून घेतला.