घोडेगावची तबकडी

सहादेव पाटोळे धंद्यानं गवंडी होता आणि घोडेगावच्या ख्रिस्ती वस्तीतल्या देवळाचा पंच. वस्तीत चर्चला देऊळच म्हणत. त्या देवळाची पुढची भिंत त्याच्या बापानं रचलेली, मागची त्यानं स्वतः. रविवारी तो टाळ घेऊन उभा राहिला की जुनी भजनं म्हणायला कुणाला पुस्तक लागत नसे. लोक त्याच्या तोंडाकडे बघून म्हणत. माणूस कामाला चोख, बोलायला तुसडा. आपल्याला जे पटत नाही ते देवालाही पटत नसणार, अशी त्याची पक्की समजूत होती.

त्याला एकुलता एक मुलगा, शांतवन. नगरला मिशनच्या वसतिगृहात राहून शिकला, तिथं कुणा परदेशी पाहुण्याकडून गिटार शिकला, आणि शिक्षण अर्ध्यावर टाकून गिटार काखोटीला मारून घरी आला. वस्तीतली पोरं त्यानं गोळा केली. एकाला ढोलकी यायची, एकानं बँडवाल्याकडून जुना ड्रम पैदा केला. गाणी ख्रिस्ताचीच, मराठीच, पण चाल अशी धसमुसळी की ऐकणाऱ्याचे पाय जागेवर राहू नयेत. त्याची आई राहीबाई चुलीपुढे बसून ती गुणगुणायची आणि नवरा दारात दिसला की गप्प व्हायची.

सत्तर सालच्या नाताळात पाळकसाहेबांनी पोरांना देवळात एक संध्याकाळ दिली. नगरहून प्रभुदास मास्तर आपलं रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन आले. देऊळ गच्च भरलं. खिडक्यांत माणसं, पायऱ्यांवर माणसं. मळ्यांतली आली, बौद्धवाड्यातली आली, जनावरांच्या बाजारासाठी मुक्कामाला राहिलेले व्यापारीसुद्धा आले. पहिली दोन गाणी सहादेवनं मांडीवर मूठ आवळून ऐकली. तिसऱ्याला ड्रम सुरू झाला, लोकांनी ठेका धरला, एक म्हातारी उभी राहून डुलायला लागली, आणि सहादेव ताडकन उठला.

"बंद कर ते! देवाचं घर हाय ह्ये, तमाशाचा फड न्हाई."

वाजायचं थांबलं.  शांतवन मायक्रोफोनपुढेच उभा होता. तो हसला आणि हळूच, घरात बोलावं तसं म्हणाला, "आबा, बसा घटकाभर. ह्ये बी त्याचंच हाय. येवढं आइका, मंग मारा मला."

लोक खदखदून हसले. ड्रमवाल्या पोरानं संधी साधून असा दणका दिला की हसण्यातूनच गाणं उसळलं. सहादेव माणसं बाजूला सारत बाहेर गेला आणि जनावरांच्या बाजाराच्या मोकळ्या मैदानात एकटाच बसून राहिला. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं तुटलं. जेवायला बसायचे समोरासमोर, भाकरी मागायची ती राहीबाईकडे.

मास्तरांनी मुंबईहून त्या संध्याकाळची तबकडी करून आणली. मधला गोंधळ काढून टाकायला त्यांना वेळ झाला नाही म्हणा, की त्यांनाच तो आवडला म्हणा, तो तसाच राहिला. आणि तबकडी चालली ती त्यावरच. गाणी चांगली होतीच, पण तशी चांगली गाणी इतरही होती. इथं माणसांना खोकणारं, हसणारं, टाळ्या पिटणारं भरलं देऊळ ऐकू यायचं, आणि ऐन मधे एका घरातलं भांडण. ज्याच्या त्याच्या घरात एक असा बाप होता, एक असा पोरगा होता. श्रीरामपूर, राहुरी, शेवगाव, जिथं म्हणून वस्ती होती तिथं ती पोहोचली. पुढं लग्नात स्पीकर लावणारेही ती ठेवू लागले. देव कुणाचा हे कुणी विचारत नसे. "घोडेगावची तबकडी लाव," एवढंच म्हणत.

सहादेवच्या कानावर हे यायचं. तो कामावर गेला की वीट देणारा मजूरही गमतीनं म्हणायचा, तमाशाचा फड न्हाई ह्यो. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

मग बहात्तर साल उजाडलं. पाऊस आलाच नाही. बाजारात जनावरं कवडीमोल झाली आणि पुढं पुढं घ्यायलाही कुणी येईना. बांधकामं बंद पडली. सहादेव आणि राहीबाई रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. शांतवनची पोरं पांगली. तो स्वतः विहिरी खोल करणाऱ्या टोळीत गेला. वर दगड ओढायची यारी उभी करायची, खाली माणसं सुरुंगानं फुटलेले दगड पाटीत भरायची, दोरानं पाटी वर ओढायची, असं ते काम. एका दुपारी भरलेली पाटी वर पोहोचता पोहोचता दोर तुटला. खाली शांतवन होता.

खडीच्या ढिगावर निरोप आला तेव्हा राहीबाई पळत सुटली. सहादेवनं हातातली हातोडी खाली ठेवली, पुन्हा उचलली, आणि ती हातात घेऊनच विहिरीपर्यंत चालत गेला. पोराचं तोंड शाबूत होतं. राहीबाईनं ते पदरानं पुसलं. सहादेवला त्याच्याशी काही बोलायचं होतं, पण दीड-दोन वर्षांत सवयच मोडली होती. 

राहीबाईला त्यानंतर एकच गोष्ट उरली. रविवारी उपासना संपली की ती देवळात मागं बसून राहायची आणि पाळकसाहेबांची बायको तिच्यासाठी तबकडी लावायची. गाण्यांत शांतवन सगळ्यांचा होता. त्या मधल्या तीन वाक्यांत तेवढा तो घरचा होता. ते ऐकून ती उठायची. पुढचं गाणं ऐकायला थांबत नसे.

सहादेवला मात्र आता ते ऐकवेना. पोरगा जिवंत असताना लोक हसले तर हसले. पोरगा गेल्यावर सहादेव शेवगावला एका लग्नाला गेला, आणि स्पीकरवर ती जागा आली तेव्हा अख्खा मांडव एका सुरात ओरडला, "बंद कर ते!" लहानथोर सगळे. त्याला ओळखणारं तिथं कुणी नव्हतं. तो पंगतीतून उठला आणि त्या आठवड्यातच नगरला गेला.

प्रभुदास मास्तर नगरातच सावेडीला राहत. दुष्काळातही मागणी होती म्हणून ते नव्या तबकड्या काढायच्या तयारीतच होते. सहादेवनं आपलं ओरडणं काढून टाकायला सांगितलं. मास्तरांनी मूळ टेप पुढे-मागे करून ऐकली आणि म्हणाले, "तुमचं वाक्य काढलं तर त्याचं उत्तर अधांतरी राहतं. काढायचं तर दोन्ही काढावं लागेल. बघा, विचार करा."

सहादेवनं विचार केला. राहीबाई त्याच्या डोळ्यांपुढे आली, नाही असं नाही. पण तो मांडवही आला.

"काढा," तो म्हणाला.

मास्तरांनी पात्यानं टेप कापली आणि दोन टोकं जोडली. मधला तुकडा, वीतभर नव्हे, चांगला लांबलचक, तपकिरी गुंडाळा होऊन टेबलाखाली पडला. तो मागून घ्यावा असं सहादेवच्या मनात आलं नाही.

घरी तो काही बोलला नाही. देवळातली जुनी तबकडी त्या उन्हाळ्यात उन्हात राहून वाकली, तिच्या जागी नवी आली. रविवारी राहीबाई नेहमीच्या जागी बसली. दुसरं गाणं संपलं, तिसरं सुरू झालं, आणि गाणं थांबलंच नाही. तिला वाटलं सुई घसरली. तिनं पुन्हा लावायला सांगितलं. मग पाळकसाहेबांनी चाचरत सांगितलं की मास्तर म्हणत होते, पाटोळ्यांनीच काढायला लावलं.

सहादेव ओट्यावर थापी घासत बसला होता. राहीबाई समोर येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती.

"तुमची लाज झाकाया माझं लेकरू पुसलं तुमी," ती म्हणाली. "दोराचं काय, दोर मुका हुता. तुमाला तर कळत हुतं."

 दुसऱ्या दिवशी तो नगरला गेला. मास्तरांनी टेबलाखाली पाहिलं, कपाट पाहिलं. केर केव्हाच गेला होता.

तेव्हापासून सहादेव जुनी तबकडी शोधत हिंडू लागला. काम मिळेल त्या गावात काम करायचं आणि वस्तीत चौकशी करायची. त्याला नवलच वाटलं. नवी तबकडी कुणी घेतच नव्हतं. त्यात म्हातारा न्हाई, असं म्हणून परत केलेल्याही त्यानं पाहिल्या. जुनी ज्याच्याकडे होती तो ती हातावेगळी करायला तयार नव्हता. राहुरीला एका घरात ती नव्या कापडात गुंडाळून पवित्र शास्त्राशेजारी ठेवलेली होती. घरातला मुलगा मुंबईला गिरणीत गेला होता आणि बाप त्याच्या आठवणीनं ती लावायचा. कितीही विनवणी केली तरी तो नाही म्हणाला, आणि सहादेवला त्याचा राग येईना.

शेवटी पुणतांब्याला कोंडीराम म्हणून एक स्पीकरवाला होता, त्याच्याकडे जुनी असल्याचं कळलं. कोंडीराम शेतकऱ्याचा पोर, गळ्यात माळ, बोलका माणूस. सहादेवला गिऱ्हाईक समजून त्यानं ओट्यावर बसवलं, चहा सांगितला आणि कुठल्या तारखेचं लग्न ते विचारलं. सहादेवनं आधी ऐकवायला सांगितलं.

"आता आइका, खरी मजा हितंच हाय," कोंडीराम म्हणाला, आणि ती जागा आली तसा तबकडीच्या बरोबरीनं ओरडला. ओरडून झाल्यावर हसत म्हणाला, "ह्यो म्हातारा नसता, तर ह्या तबकडीला कुत्रं इचारत नव्हतं."

"त्यो म्हातारा मीच," सहादेव म्हणाला.

कोंडीरामनं सुई उचलली. त्याचं हसू उतरलं. "आन पोरगं?"

"हिरीत गेलं. दुष्काळात."

 चहावर साय धरली. मग कोंडीरामनं तबकडी पुसली, पाकिटात घातली आणि सहादेवच्या हातात ठेवली. पैशांचं नाव काढू दिलं नाही. फक्त एवढंच म्हणाला की ती जागा लई झिजलीय. लग्नात माणसं तेच पुन्हा लाव, पुन्हा लाव म्हणत्यात, सुई तिथंच ठिवून ठिवून खरवडली गेलीय. ऐकताना सहादेवच्या ते ध्यानात आलं नव्हतं. त्याला स्वतःचाच आवाज तेवढा ऐकू आला होता.

रविवारी देवळात ती लावली. राहीबाई यंत्राला अगदी लागून बसली. सहादेव मागच्या भिंतीशी उभा राहिला. त्याचं ओरडणं खणखणीत आलं, शब्दन् शब्द. मग खरखर सुरू झाली. शांतवन हळू बोलला होता, घरात बोलावं तसं. त्या खरखरीखालून "आबा" एवढं आलं, "घटकाभर"चा शेंडा आला, बाकी सगळं नुसतं तव्यावर पाणी पडल्यासारखं. मग लोक हसले आणि ड्रम वाजला.

तिनं पुन्हा लावायला सांगितलं नाही. गुडघ्यावर हात ठेवून ती उठली आणि नवऱ्याजवळून जाताना म्हणाली, "तुमचं ऱ्हायलं. त्याचं ग्येलं."

पुढं ती त्याला जेवायला वाढायची, ताप आला तर काढा द्यायची. पण रविवारी तबकडीसाठी थांबायची ती कायमची बंद झाली. सहादेवनं पंचपण सोडलं. टाळ देवळात खुंटीला लावून ठेवले ते पुन्हा घेतले नाहीत.

चौऱ्याहत्तरच्या नाताळात वस्तीतल्या नव्या पोरांनी तीच गाणी बसवली. राहीबाईनं गिटार देऊन टाकली. मग पोरं चुळबुळत सहादेवकडे आली. लोकांना ती जागा हवीच असते, तेव्हा त्यानं मधे उठून ओरडावं, अशी त्यांची मागणी होती. वाईट वाटून घेऊ नका, असंही ती म्हणाली. त्यानं मान हलवून नकार दिला. पोरांनी दुसरा माणूस शोधला.

त्या संध्याकाळी दोघं घरीच होती. देवळातलं सगळं घरापर्यंत ऐकू येत होतं. तिसऱ्या गाण्याला वाजायचं थांबलं, कुणीतरी ओरडलं, कुणीतरी उत्तर दिलं, लोक हसले. उत्तराचे शब्द निराळेच होते, खरे त्या पोरांना आता धड माहीत नव्हते. राहीबाईनं भाकरी उलटली. सहादेवच्या ओठांवर शांतवनचे शब्द होते, जसेच्या तसे. त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"दार लावा," ती म्हणाली. "गार वारं येतंय."

त्यानं उठून दार लावलं.