दोन टक्के

"दोन? दोन टक्के दाखवले तर लोक चॅनल बदलून स्वयंपाकाचा कार्यक्रम लावतील," निर्माता म्हणाला आणि दातात अडकलेलं काहीतरी करंगळीच्या नखाने कोरू लागला. "बावीस कर."

ज्योतिष्याने तोंड फिरवलं. हे नाव त्याला स्टुडिओने ठेवलं होतं. मोटर शर्यतीआधी चालकांच्या वेळा, टायर, वळणं यांचा हिशेब मांडून कोणाची जिंकण्याची शक्यता किती हे काढायचं, एवढंच त्याचं काम. आकडा त्याचा, तिखटमीठ निर्मात्याचं. इतकी वर्षं त्याने ते गिळलं होतं. आज गिळवत नव्हतं. आजच्या मोठ्या शर्यतीत पहिल्यांदाच उतरणारा पोरगा त्याच्या सख्ख्या बहिणीचा होता. संघाचा मुख्य चालक तापाने आडवा झाला, म्हणून ऐनवेळी गाडी पोराच्या हातात आली होती.

"काल सरावात तिसरा आला की तो!"

"एका फेरीत. बाकीच्या फेऱ्या बघ ना."

निर्माता खुसखुसला. "अरे, तुला कोणी सांगितलंच नाही होय? त्या फेरीला टाकीत घोटभर पेट्रोल ठेवलं होतं. हलकी गाडी, पळणारच! त्यांचा प्रसिद्धीवालाच सांगत होता. जाहिरातदार खूश, आपण खूश."

"आणि पोराला काय सांगितलं?"

"शर्यतीइतकीच भरलेली टाकी होती म्हणून. खरं कळलं तर हातपाय गाळून बसेल."

ज्योतिष्याला पोराचा सकाळी फोन आला होता. "मामा, बघच तू. पहिल्या वळणाला कालच्याच अंतराच्या पाटीपाशी ब्रेक दाबणार. इंजिनियर म्हणतो, जमतंय. आतून घुसतो आणि तिघांना खातो." मामाने त्याला शाबासकीही दिली होती. भरलेल्या टाकीची जड गाडी त्या पाटीपाशी ब्रेक दाबून वळणार नव्हती. सरळ भिंतीवर जाणार होती.

त्याने फोन लावला. बंद. शर्यतीच्या काही तास आधी संघ चालकांचे फोन काढून घेतो. मग त्याने प्रसिद्धीवाल्याला गाठलं.

"शर्यतीनंतर बोला ना सर! भाच्याबरोबर झकास फोटो काढून देतो." मागे कोणीतरी खिदळलं आणि फोन कटला.

तेवढ्यात ताईचा आला. "बावीस टक्के दाखवतायत रे! चांगले ना? त्यांच्या गॅरेजातही तुमचाच कार्यक्रम लावलेला असतो म्हणे. तू बोलताना नीट हस हं, तो बघेल."

"बघेल ना नक्की?"

"म्हणजे काय! मामा म्हणजे देव त्याचा."

मेकअपवालीने कालचाच ओलसर स्पंज त्याच्या गालावरून फिरवला. त्याने श्वास रोखून धरला. दिवे लागले. निवेदिका गोड हसली.

"तर ज्योतिषीबुवा, आपल्या छोट्या वाघाचे बावीस टक्के! खरे ठरणार?"

"दोन," तो म्हणाला. "बावीस खोटे आहेत. कालच्या फेरीला त्याची टाकी जवळजवळ रिकामी होती, आणि हे त्याच्यापासून लपवलंय. बाळा, ऐकतोयस ना? त्या पाटीपाशी ब्रेक दाबू नकोस. खूप आधी दाब."

निवेदिकेचं हसू चेहऱ्यावर तसंच चिकटून राहिलं. पडद्यावर गॅरेज दिसत होतं. पोरगा गाडीत बसून वर, टीव्हीकडे बघत होता. जाहिराती सुरू व्हायच्या आत त्याने हेल्मेटची काच खाली ओढली.

शर्यत सुटली. पहिल्या वळणाच्या कितीतरी आधी पोराच्या गाडीने वेग कमी केला. चौघे त्याला मागे टाकून गेले. समालोचक किंचाळला, "घाबरला! छोटा वाघ शेपूट घालून बसला!" स्टुडिओत हशा पिकला. हसणाऱ्यांत टाकीची गोष्ट माहीत असलेला निर्माताही होता. पोरगा चौदावा आला.

"उद्यापासून येऊ नकोस," निर्माता म्हणाला. "आणि त्या पोराला आता सायकलसुद्धा कोणी देणार नाही. मामा ना तू?"

ज्योतिष्याने स्वच्छतागृहात जाऊन साबणाने दोनदा तोंड धुतलं.

संध्याकाळी त्याने रस्त्यावरूनच ताईला फोन केला.

"घरी आलाय," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "तुझ्याशी बोलायचं नाही म्हणतो. जगासमोर नाक कापलंस म्हणतो त्याचं. मलाही कळत नाही रे, घरचा माणूस असून..."

"काय करतोय?"

"जेवतोय. दुसरं काय करणार?"

"ताई, फोन ठेवू नकोस. त्याच्याजवळ टेबलावर राहू दे जरा."

तिने फोन टेबलावर ठेवला. पलीकडे ताटात चमचा वाजत होता. मधेच थांबला, खुर्ची करकरली, पेल्यात पाणी पडलं. मग चमचा पुन्हा वाजू लागला. दिव्याच्या खांबाला टेकून, दुसऱ्या कानावर हात दाबून तो ऐकत राहिला.