खिडकीबाहेरून पाहिलेलं सभागृह

शाळेच्या जुन्या सभागृहात समारंभ ठरला की इतिहास सांगायला कोणीतरी लागतंच. या वेळी ते काम शिंपीकाकांनी हौसेने अंगावर घेतलं. वाण्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांकडे जाऊन त्यांनी आठवणी गोळा केल्या आणि आदल्या दिवशी दुकानात मेव्हणीला भाषण म्हणून दाखवलं. बायको गेल्यापासून काजं-बटणांचं काम तीच सांभाळायची.

“या सभागृहाची दारं सर्वांना उघडी होती,” काका म्हणाले.

मेव्हणी हसली. “होती ना. पुसायला.”

“म्हणजे?”

“कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आम्हा मुलींना बोलवायचे. गुडघ्यांवर बसून जमीन लख्ख करायची. दुसऱ्या दिवशी म्हणायचे, जागा नाही, घरी जा. मग आम्ही बाजूच्या खिडकीखाली. ताई उंच, ती आत बघून सांगायची. तुम्ही शाळेत असताना इथे कविता म्हटलीत, तेव्हासुद्धा.”

“ती कविता म्हणजे टाळ्यांनी नुसतं छप्पर...”

“कसलं छप्पर, भाऊजी! ताई म्हणाली, ‘मोठ्या कानांचा एक अडकलाय, आता रडतोय बहुतेक.’ पुढे त्याच कानांशी लग्न ठरलं तेव्हा पोट धरून हसली होती.”

काका हसले नाहीत. “मला कधी बोलली नाही.”

“तुम्ही कधी विचारलंत? जन्मभर कविता मात्र ऐकवलीत.”

काकांची मान खाली गेली. आठवणींसाठी सारा गाव पालथा घातला, पण त्यांत एकाही बाईची आठवण नव्हती. आणि जिच्याबरोबर संसार केला, तिलाच विचारायचं राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी काका बोलायला उठले, तर समोर सगळे पुरुष. बायका मागच्या खोलीत चहा ओतत होत्या. मेव्हणीसुद्धा. काकांनी भाषणाचा कागद घडी करून खिशात ठेवला.

“मी अर्धाच इतिहास आणलाय,” ते म्हणाले. “उरलेला मागे कप भरतोय. अध्यक्षसाहेब, चहाचं आपण बघू. त्यांना इथे बसू द्या.”

“कार्यक्रमात हे ठरलेलं नाही,” अध्यक्ष कुजबुजले.

“तेच तर चुकलं आपलं.”

काकांनी स्वतः जाऊन मेव्हणीच्या हातातली किटली घेतली आणि सगळ्या बायकांना सभागृहात आणून बसवलं. ती चाचरत बोलायला लागली. मग एकेक बाई उठली, “मीही पुसलीय ही जमीन,” म्हणाली. काका कप वाटत ऐकत राहिले. आपल्या बायकोने ते कसं सांगितलं असतं, हे त्यांना आता कधीच कळणार नव्हतं.

मंडळी, गावाच्या आठवणी जरूर गोळा करा. पण सुरुवात आपल्या घरापासून करा, आणि सांगणारं माणूस समोर आहे तोवर करा.