होडीवरची हळद

संगमाच्या दमट हवेत व्हार्निश वाळता वाळत नाही. म्हणून नरसिंहपूरच्या घाटावर मुक्ताकाकूंची होडी घासून, जवसाचं तेल पाजून पहिला हात मारला, तेव्हाच मी ओरडून सांगितलं होतं, "उद्यापतुर कुणी शिवायचं न्हाय!"

जेवून आलो तर होडीच्या टोकावर हळदीची पाच बोटं. ओल्या व्हार्निशात रुतून बसलेली. माझं टाळकंच सरकलं.

"कुणाचा उद्योग ह्यो? परत घासत बसू का आता?"

होडीमागून मुक्ताकाकू उठल्या. हात पिवळाच होता. "मीच, गोकुळ. चकाकत व्हती, मला वाटलं वाळली."

"परवा पाण्यात सोडताना पूजा हायच की! एवढी कसली घाई?"

"परवा गावातल्या सवाष्णी येतील. त्यांच्यात मला कोण हळद लावू देतंय? मालक गेल्यापास्नं त्यांच्या होडीची पूजा मी लांब उभी ऱ्हाऊन बघते."

घासायला काढलेला पॉलिश पेपर मी खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी बोटं वाळली, तसा त्यांच्यावरूनच व्हार्निशचा दुसरा हात मारला. आता सवाष्णींनी वरून कितीबी हळद लावू दे, खालची पहिली बोटं काकूंचीच.